स्वामी, गोट्या आणि आमचा मदनांकुश



दशलक्षणाच्या आधी आठवडाभर पुण्याहून लेकीचा फोन आला. दुपारची वेळ. चातुर्मासात पालेभाजी बंद, त्यामुळे निवडायला माझ्यापुढे मूगच होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, एक विचारायचं होतं. छोटीला एका मालिकेसाठी बघायला बोलावलंय. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी पाहिलं तिला. ऑडिशन आहे म्हणे. तुला काय वाटतं?"

छोटी म्हणजे माझी नात, नऊ वर्षांची. मी म्हटलं, "विचार करून सांगते." फोन ठेवला आणि एकदा निवडलेले मूग परत निवडत बसले.

मला काय वाटतं ते सांगणं अवघड नव्हतं. अडचण वेगळी होती. तिच्याकडे तोंड करून या विषयावर बोलायचं तर आधी मला पस्तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट बोलावी लागणार होती, आणि ती मी कुणालाच बोलले नव्हते. आज इथे लिहिते आहे, कारण आता तिला सांगून झालंय.

पण आधी टीव्हीबद्दल. तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवेल, टीव्ही घरात येणं म्हणजे काय असायचं. आमच्याकडे तो १९८६ साली आला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला भरतकामाचं झाकण शिवलं होतं. गच्चीवर अँटेना. वारा सुटला की एक पोरगं वर, एक जिन्यात आणि एक टीव्हीसमोर, "आलं, आलं, गेलं" असं ओरडत.

आमच्या घरी रात्रीचं जेवण नाही. सूर्य मावळायच्या आत भांडी घासून पालथी. या नियमाची आम्हा सुनांना एरवी कधीकधी दमछाक व्हायची, दुकानातून पुरुष माणसं वेळेत येईनात की जीव खालीवर व्हायचा. पण टीव्ही आला आणि त्या नियमाचा फायदा समजला. शेजारच्या घरांत बातम्यांच्या वेळेला भाकऱ्या थापायच्या असत, आणि आम्ही सगळ्याजणी सात वाजताच हात पुसून मोकळ्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "तुमचं बरं आहे बाई, धर्म पण झाला आणि मालिका पण."

आता स्वामी. आमच्या घरात तेव्हा दोन स्वामी होते. एक रणजित देसाईंचा, मुंबई दूरदर्शनवरचा, ज्यात रवींद्र मंकणी माधवराव होते आणि मृणाल देव रमाबाई. (त्याच पुढे मृणाल कुलकर्णी झाल्या.) कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलगी, गो. नी. दांडेकरांची नात. नऊवारी आणि नथ घालून ती पडद्यावर आली की आक्का म्हणायच्या, "आपल्या घरची वाटते." मला वाटतं, त्या वर्षी आमच्या भागातल्या निम्म्या मुली हळदीकुंकवाला रमाबाई होऊन गेल्या असतील.

दुसरा स्वामी मालगुडीचा. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, सुरुवातीची चित्रं आर. के. लक्ष्मण यांची. शिमोगा जिल्ह्यातल्या अगुंब्याला चित्रीकरण झालेलं. मालिका हिंदीत, पण माणसं बहुतेक कर्नाटकातली. आक्का चिकोडीकडच्या, त्यांचं कानडी मराठीपेक्षा गोड. त्या अंगणांकडे, त्या कौलांकडे बघून त्या म्हणायच्या, "हे माझं माहेर आहे." स्वामीचे वडील झाले होते गिरीश कर्नाड, आणि स्वामी झाला होता मास्टर मंजुनाथ. मोठे डोळे, तेल लावलेले केस, खांद्यावर दप्तर. खोटं बोलायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर सगळं खरं दिसायचं. तसं लहान मुलाचं काम मी नंतर फारसं पाहिलं नाही.

त्यातल्या दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या बसल्या आहेत. एक गणिताची. वडील त्याला आंब्यांचं उदाहरण घालतात, इतके आंबे इतक्या आण्यांना तर चार आंब्यांचे किती. आणि स्वामीला प्रश्न पडतो की आंबे पिकलेले होते की कच्चे. मी बी. कॉम., १९७९ ची. दुकानाच्या वह्या मी बघत असे. मला हसू आलं, पण मनात म्हटलं, पोरगं बरोबर विचारतंय. माल बघितल्याशिवाय भाव कसा सांगायचा?

दुसरी गोष्ट शौर्याची. वर्तमानपत्रात एका मुलाच्या धाडसाची बातमी येते. ती वाचून वडील स्वामीला म्हणतात, तू पण धीट हो, आज आजीजवळ झोपायचं नाही, माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोप. तो घाबरून बाकाखाली शिरतो, रात्री चोर येतो, आणि हा भीतीनेच त्याच्या पायाला कडकडून चावतो. दुसऱ्या दिवशी सगळं गाव त्याला शूर म्हणतं. आणि स्वामी? तो परत आजीच्या कुशीत जाऊन झोपतो. ही गोष्ट बघताना माझी लेक आक्कांच्या मांडीवर होती. पाच-सहा वर्षांची. तिने वर बघून विचारलं, "मग तो हिरो आहे की नाही?" आक्का म्हणाल्या, "झोपला ना बाळ, आता हिरो कशाला पाहिजे."

मंजुनाथ पुढे १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये लहानपणीचा विजय झाला. अमिताभ बच्चनचं लहानपण म्हणजे साधी गोष्ट नव्हे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शंकर नाग मोटार अपघातात गेले. आक्कांनी ती बातमी ऐकून त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही, कुणी नातलग गेल्यासारखं. आणि मंजुनाथने मोठा झाल्यावर अभिनय सोडला, शिकला, बंगळुरूला जनसंपर्काच्या व्यवसायात गेला. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

त्याच काळातलं रामायण तर सगळ्यांनाच आठवत असेल. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. आमची पंचाईत अशी की रविवारीच मंदिरात अभिषेकाला गर्दी. पूजा झाल्यावर एरवी बायका पायरीवर अर्धा तास बोलत बसायच्या, ते बंद झालं. गंधोदक लावलं की सगळ्या चालल्या घराकडे, पळत नाही म्हणायचं इतकंच.

घरात सगळे सासऱ्यांना अण्णा म्हणत. अण्णा रामायण बघत, पण रोज संध्याकाळी त्यांचा स्वाध्याय असे आणि त्या दोन वर्षांत त्यांनी मुद्दाम पद्मपुराण वाचायला घेतलं होतं. रविषेणाचार्यांचं, पंडित दौलतरामजींच्या भाषावचनिकेतून. सकाळी टीव्हीवर जे झालं त्याच्यावर संध्याकाळी चर्चा. "आपल्या पुराणात रावणाला रामाने मारलं नाही, लक्ष्मणाने मारलं. राम बलभद्र, तो त्याच भवात मोक्षाला गेला, आपल्या मांगीतुंगीवरून. वानर म्हणजे माकड नव्हे, वानरवंशी विद्याधर. रावणाला दहा तोंडं नव्हती, गळ्यातल्या हारात त्याच्या तोंडाची नऊ प्रतिबिंबं दिसायची." पोरं डोळे विस्फारून ऐकायची. माझी लेक सगळ्यात पुढे, अण्णांच्या गुडघ्याला टेकून. शाळेत जाऊन तिने हाराचं सांगितलं आणि बाईंशी वाद घालून आली.

मग उत्तर रामायण आलं, १९८८ च्या शेवटी, आणि त्यात लव आणि कुश. कुश झाला होता स्वप्नील जोशी, गिरगावातला मराठी मुलगा, आणि लव मयूरेश क्षेत्रमाडे, तोही मराठीच. दोघं वल्कलं नेसून रामकथा गात दरबारात उभे राहिले तेव्हा आमच्या घरात मोठी माणसंसुद्धा डोळे पुसत होती. लेक सात वर्षांची. ती मला म्हणाली, "मला पण असं उभं राहायचंय." मी म्हटलं, "राहा की." मुलं काय, काहीही म्हणतात.

पण अण्णांनी ते ऐकलं होतं. १९९० च्या महावीर जयंतीला पाठशाळेच्या मुलांचं नाटक बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वतः संवाद लिहिले. आपल्या पद्मपुराणातले लव-कुश, अनंगलवण आणि मदनांकुश. वाल्मिकींचा आश्रम नाही. पुंडरीकपूरचा राजा वज्रजंघ सीतेला बहीण मानून घरी नेतो, मुलं त्याच्या राजवाड्यात वाढतात, सिद्धार्थ क्षुल्लक त्यांना विद्या शिकवतात. आणि मोठी झाल्यावर ती रामलक्ष्मणांशीच लढायला उभी राहतात, आपल्या आईचा अपमान केला म्हणून. मदनांकुश झाली माझी लेक. मुलांमध्ये एवढं पाठांतर असलेलं कुणी नव्हतंच.

महिनाभर दुकान बंद झाल्यावर अण्णा आणि ती गच्चीत. "हळू बोल. घाई करू नको. समोरचा राजा आहे, पण तुझा बापही आहे, हे तुला माहीत आहे, त्याला माहीत नाही." मी खालून ऐकत असे. त्यांनी असं शिकवणं कुठून आणलं होतं देव जाणे. जन्मभर भुसार मालाच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस.

नाटकाच्या शेवटी, खरी ओळख पटल्यावर, तिने धनुष्य खाली ठेवलं. टाकलं नाही. वाकून, दोन्ही हातांनी ठेवलं आणि मग रामाच्या पाया पडली. सभामंडपात चिडीचूप. मी आई आहे, माझं सोडा, पण त्या दिवशी अनेकांनी मला येऊन सांगितलं.

त्या गर्दीत कोल्हापूरचे एक गृहस्थ होते, गावात कुणाकडे पाहुणे आलेले. एका मराठी मालिकेचं चित्रीकरण कोल्हापूरला होणार होतं, त्यात त्यांचं काहीतरी काम होतं. आठ दिवसांनी ते घरी आले. मुलीचं काम आवडलं म्हणाले. जूनमध्ये २० दिवस लागतील, राहायची सोय होईल, बरोबर घरचं एक माणूस चालेल. चहा घेतला, लेकीला दोन ओळी म्हणायला लावल्या आणि "कळवा" म्हणून गेले.

लेक त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती.

यांना विचारलं, तर हे म्हणाले, "अण्णांना विचार." आमच्या घरी प्रत्येक प्रश्नाचं ते ठरलेलं उत्तर होतं. मी अण्णांना विचारलं. ते दुकानातून येऊन पाय धूत होते. त्यांनी पाणी थांबवलं आणि म्हणाले, "मुलगी तुझी, शिकलेली तू. तूच ठरव. खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळतील का तेवढं बघ. नाहीतर मी जातो तिच्याबरोबर. २० दिवस दुकान बघतील की पोरं."

मैत्रिणींनो, एवढं स्पष्ट बोलणं होतं ते. मी चार दिवस विचार केला. चित्रीकरण रात्रीपर्यंत चालतं, तिचं जेवण कसं होणार? कांदा-बटाटा सगळ्यात असणार. शाळा नुकतीच सुरू झालेली. ही सगळी कारणं खरी होती, पण आज सांगते, ती नंतर शोधलेली होती. आधी आली ती भीती. उद्या लोक म्हणतील, "त्यांची मुलगी मालिकेत काम करते." पुढे तिचं लग्न. आणि त्याच्याही खाली अजून एक गोष्ट होती, जी लिहिताना मला लाज वाटते. पदवीनंतर मी बँकेच्या परीक्षेला बसले होते, पास झाले होते, आणि लग्न ठरलं म्हणून मुलाखतीला गेले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, "तुला जायचंय का?" आणि हिला मात्र सगळं घर विचारत होतं.

मी नको ठरवलं. तो माझा निर्णय होता आणि चूक की बरोबर ते मी अजूनही सांगू शकत नाही. पण लेक समोर आली, "आई, काय ठरलं?" म्हणाली, तेव्हा तिचा चेहरा बघून माझ्याच्याने "मी नको म्हणते" म्हणवेना. मी म्हटलं, "अण्णा नको म्हणतात गं."

एकच वाक्य. हिशेबात एक चूक अशी असते की बेरीज जुळते, ताळेबंद जुळतो, फक्त रक्कम भलत्याच खात्यावर नावे पडलेली असते. ती सापडत नाही. कुणी शोधतही नाही, कारण सगळं जुळलेलं असतं.

ती रडली नाही. अण्णांना काही विचारलं नाही. त्या काळी मुलं मोठ्यांना असं विचारत नसत. पण संध्याकाळच्या स्वाध्यायाला ती बसेनाशी झाली. अभ्यास आहे म्हणायची. अण्णांनी दोनतीनदा हाक मारली, मग मारली नाही. मला त्यांनी विचारलं, "त्या कोल्हापूरवाल्यांचं काय झालं?" मी म्हटलं, "त्यांना दुसरी मुलगी मिळाली." म्हणजे एकाच्या जोडीला दुसरं.

त्याच सुमाराला दूरदर्शनवर गोट्या लागायचा. ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक आम्ही शाळेत वाचलेलं होतं. आईबापाविना वाढणारा, परक्या घरात जीव लावणारा तो मुलगा, जॉय घाणेकर नावाच्या मुलाने काम केलेलं. सगळी मुलं ती मालिका बघायला आमच्या घरी जमत. त्याचं शीर्षकगीत सुरू झालं की लेक उठून आत जायची. मी समजायचे ते समजायचे आणि स्वयंपाकघरात भांडी वाजवत बसायचे.

पुढे टीव्ही रंगीत झाला, केबल आली, मुलांच्या मालिका वाढल्या. धाकट्याच्या वेळी 'शाका लाका बूम बूम'. त्यातल्या किंशुक वैद्यची जादूची पेन्सिल बघून धाकट्याने घरातल्या प्रत्येक पेन्सिलीला मातीचं डोकं बसवलं आणि वहीत पन्नास लाडू काढून ते बाहेर यायची वाट बघत बसला. 'सोनपरी'त फ्रूटी झालेली तन्वी हेगडे, आणि सोनपरी कोण, तर आमच्या रमाबाई, मृणाल कुलकर्णी! आक्का तेव्हा थकल्या होत्या, पण बरोबर ओळखलं त्यांनी. 'करिश्मा का करिश्मा'त यंत्रमुलगी झालेली झनक शुक्ला, ती मला फार आवडायची. डोळ्याची पापणी न हलवता बोलायची. तीही पुढे अभिनय सोडून शिकायला गेली, पुरातत्त्व विषयात. धारा तेलाच्या जाहिरातीतला, घर सोडून निघालेला आणि जिलबीच्या नावाने परत फिरणारा मुलगा, परझान दस्तूर. तो 'कुछ कुछ होता है'मध्ये तारे मोजणारा छोटा सरदार झाला. त्या जाहिरातीपायी धाकट्याने जिलबीचा हट्ट धरला. बाजारची आमच्याकडे चालत नाही, पीठ रात्रभर आंबवतात म्हणून. मी ताज्या पिठाची केली. जिलबी कमी आणि पाकातले वेढे जास्त झाले. खाल्ली बिचाऱ्याने.

लेक तोपर्यंत फार्मसीला गेली होती. हुशार निघाली, चांगली नोकरी, चांगलं घर मिळालं. अण्णा २००४ साली गेले. शेवटचे आठ दिवस त्यांनी जवळजवळ अन्न सोडलं होतं. ती सुट्टी काढून आली, पायाशी बसली, णमोकार म्हणत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी दारात उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. दोघंही समोर होते. मी आत जाऊन कॉफी केली आलेल्या पाहुण्यांसाठी.

२०२० च्या टाळेबंदीत रामायण परत दाखवलं, २८ मार्चपासून, आणि त्यामागोमाग उत्तर रामायणही. मी एकटी बघत होते. लव-कुश आले. मधल्या काळात स्वप्नील जोशी रामानंद सागरांच्याच मालिकेत कृष्ण होऊन, 'मुंबई-पुणे-मुंबई' आणि 'दुनियादारी' करून मराठीतला मोठा नट झालेला, आणि लव झालेला मयूरेश अमेरिकेत कंपनी सांभाळतो असं पेपरात आलं होतं. एकाच दरबारात एकाच सुरात गाणारी दोन मुलं, किती वेगळ्या वाटांनी गेली. मी लेकीला फोनवर म्हटलं, "लव-कुश लागलेत बघ." ती म्हणाली, "छोटी कार्टून बघतेय, असू दे."

आणि आता हा फोन.

मी आधी जे करते तेच केलं, कागद वाचले. धाकटा वकिलाच्या ओळखीतून नियम घेऊन आला. २०१७ पासून नियम आहे की लहान मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, आणि तेही सलग तीन तासांच्या वर नाही. ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मिळकतीतला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेव म्हणून. आणि मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं नाही. हे सगळं कितपत पाळतात ते मला माहीत नाही, पण निदान मागता येतं. १९९० साली आम्हाला कुणी कागद दाखवला नव्हता आणि दिवसाचे किती देणार हे विचारणं मला अप्रतिष्ठेचं वाटलं होतं. बी. कॉम. असून!

दशलक्षणाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. महाराज साधंच बोलत होते. मनात एक, बोलण्यात एक, करण्यात एक, याला माया म्हणतात; आर्जव म्हणजे सरळपणा. दरवर्षी ऐकते. दरवर्षी मला वाटायचं हे दुकानदारांसाठी आहे. त्या दिवशी एकाशन होतं, घरी येऊन जेवले आणि तिला फोन लावला.

मी सगळं सांगितलं. अण्णा काय म्हणाले होते, पाय धुता धुता, शब्द न् शब्द. मी बरोबर जातो म्हणाले होते, तेही.

ती बराच वेळ गप्प. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, "मला वाटलं, माझं काम त्यांना आवडलं नाही."

मी काय बोलणार? मला इतकी वर्षं वाटत होतं की ती त्यांच्यावर रागावली आहे, जुन्या वळणाचे म्हणून. तिला वाटत होतं, ज्यांनी शिकवलं त्यांनाच ती कमी पडली. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"गच्चीत एवढं शिकवलं," ती म्हणाली, "आणि नाटक झाल्यावर नको म्हणाले. म्हणजे मी चुकले असणार ना काहीतरी. मी किती दिवस आठवत होते, कुठे चुकले." मग म्हणाली, "आई, मी नंतर बोलते."

बरेच दिवस फोन नाही. मी केला नाही. क्षमावाणीला तिचा नेहमीप्रमाणे आला, "उत्तम क्षमा" म्हणाली, मीही म्हटलं. तिच्या आवाजात नेहमीपेक्षा काही जास्त नव्हतं, कमीही नव्हतं. छोटीबद्दल विचारलं तर म्हणाली, "तिला जायचंय. मी नेणार आहे. झाली तर झाली निवड, नाही तर नाही. पण जेवणाचं तू बघ, मला सुट्टी नाही एवढी." मी म्हटलं, "डब्याचं माझ्याकडे. पाच तास मी तिथे बसेन. आणि पैशाचे कागद मी वाचल्याशिवाय सही करायची नाही." ती हसली थोडीशी.

परवा मी अण्णांचं पद्मपुराण काढलं. वर्षानुवर्षं तांबड्या फडक्यात बांधून मंदिराच्या कपाटात नको म्हणून घरीच ठेवलेलं. पुंडरीकपूरच्या प्रकरणात घडी घातलेले चार कागद निघाले. नाटकाचे संवाद, निळ्या शाईत, दुकानाच्या बिलांच्या पाठीवर लिहिलेले. मदनांकुशाच्या वाक्यांखाली रेघा. समासात बारीक अक्षरात सूचना: इथे थांबणे. इथे वर बघणे. धनुष्य ठेवण्याच्या जागी लिहिलंय, "हे तिने स्वतः केले. असेच ठेवावे."

म्हणजे धनुष्य वाकून ठेवणं तिचं होतं, त्यांचं नव्हे. मला माहीत नव्हतं.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेत. धाकटा म्हणाला फोटो काढून पाठवू, पण नको म्हटलं. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते आहे, डब्यात दशम्या आणि मुगाची कोरडी उसळ.